दहा वर्षे कोणाची?

रंगभूमीवरील एका मिनिटामागे दहा वर्षांची मेहनत असते, अशा अर्थाची एक म्हण चीन देशात प्रसिद्ध आहे. नट, गवई, कसरतपटू या सर्वांच्या तोंडी ती असते. आमच्याकडील सुशिक्षितांसही हा विचार फार मानवतो. चिनी मुलामुलींच्या कसरती पाहून आमचे गृहस्थ माना डोलवितात आणि शेजारी बसलेल्या आपल्या मुलास बजावतात, "बघ, याला म्हणतात साधना!" या वाक्यातील 'साधना' या शब्दास आमचा आक्षेप आहे, आणि तो सविस्तर मांडावा एवढ्याचसाठी हा लेख आहे. साधना ज्याची त्याने करावयाची असते. एकाच्या आयुष्यातली वर्षे दुसऱ्यांनी आपल्या हिशेबाने खर्च केली, तर त्या खर्चास तो शब्द लावता येत नाही. म्हणीतली दहा वर्षे कोणाची, हा प्रश्न विचारताच उत्तर मिळते, की ती सातव्या वर्षापासून सतराव्या वर्षापर्यंतची आहेत. म्हणजे माणसाच्या बालपणाची आहेत.

ही कला हलकी आहे, असे आम्ही म्हणतो आहो असा मात्र कोणी ग्रह करून घेऊ नये. जगातील फार थोड्या कलांस एवढा जुना आणि अखंड इतिहास असेल. ख्रिस्तपूर्व १०८ या वर्षी हान वंशातील सम्राट वू याने मल्लविद्येचा व नाना खेळांचा मोठा सोहळा भरविला आणि तो पाहण्यास तीनशे ली अंतरावरून लोक आले, अशी नोंद चिनी इतिहासग्रंथांत आहे. त्या काळी या खेळांस 'बायशी' म्हणजे 'शंभर खेळ' असे नाव होते. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात चांग हंग हा ज्योतिषी कवी होऊन गेला. भूकंपाची दिशा दाखविणारे यंत्र करणारा म्हणून शास्त्राचे अभ्यासक त्यास ओळखतात. त्याने पश्चिमेकडील राजधानीचे जे दीर्घ वर्णन लिहिले आहे, त्यात दोरावरून समोरासमोर चालत येणारे कसरतपटू आहेत, भाल्यांची टोके बसविलेल्या कड्यातून उडी घेणारे आहेत, आणि धावत्या रथावरील उंच काठीवर खेळणारी मुलेही आहेत. ही मुले एकाएकी डोके खाली करून कोसळतात आणि टाचेने काठीस अडकून राहतात, असे कवी सांगतो. शांतुंग प्रांतातील यीनान येथे १९५४ मध्ये उत्खनन झालेल्या थडग्याच्या भिंतींवरही हेच जग कोरलेले आहे. तेथे एका पुरुषाने कपाळावर तोललेल्या काठीवर लहान आकृती उलट्या लोंबकळत आहेत. तात्पर्य, या कलेच्या पहिल्या चित्रापासून मूल तिच्यात आहे. त्याचे नाव काय, ते कोणाचे आणि रात्री कोठे निजत असे, हे मात्र कवीने लिहिले नाही आणि शिल्पकारानेही कोरले नाही.

या कलेची साधने पाहावी तर ती सारी घरातली आहेत. ताटली, वाडगा, लोणच्याचा रांजण, खुर्ची, छत्री, बांबूची भिंगरी, कडे. राजवाड्यात वाढलेल्या कलेची साधने अशी नसतात. हपै प्रांतातील वूच्याओ हा तालुका या विद्येचे माहेर समजला जातो. तेथील जमीन सखल व खारट. पूर आणि अवर्षण आलटून पालटून ठरलेले. पीक बुडाले की शेतकऱ्याने घरातलीच भांडी उचलावी, मुलाबाळांसह बाहेर पडावे आणि गावोगाव खेळ करून पोट भरावे, असा पिढ्यान्‌पिढ्यांचा क्रम होता. नव्वदीच्या म्हाताऱ्यापासून नुकत्या चालू लागलेल्या पोरापर्यंत वूच्याओतील प्रत्येकास काही ना काही खेळ येतोच, असे तेथे अभिमानाने सांगतात. २००६ मध्ये चीन सरकारने या तालुक्याच्या कसरतविद्येची गणना राष्ट्रीय वारशात केली, हे उचितच झाले.

शिक्षणाची पद्धतीही आमच्यासारख्या शिक्षकी पेशातील माणसाने आदराने पाहावी अशी आहे. चिनी गुरू चार पायाभूत गोष्टी मानतात: कंबर, पाय, हातांवर उभे राहणे आणि कोलांटी. यांपैकी हातांवर उभे राहणे हे सर्वांचे मूळ. प्रथम मूल भिंतीच्या आधाराने काही मिनिटे उलटे उभे राहते. मग वेळ वाढत वाढत अर्ध्या तासावर जातो. मग भिंत सुटते. मग दोन हातांचा एक हात होतो. मग जमीन जाऊन लाकडी ठोकळा येतो, आणि ठोकळ्याच्या जागी शेवटी खुर्च्यांची चळत येते. एक पायरी पक्की झाल्यावाचून दुसरी नाही. मनगट, खांदा आणि कंबर एका रेषेत आली म्हणजे भार कसा नाहीसा होतो, हे त्या गुरूस पुस्तकावाचून ठाऊक असते. असे ज्ञान शेकडो वर्षांत साठते आणि एका पिढीच्या हयगयीने नाहीसे होते. ते टिकावे, असे आम्हांसही वाटते.

पण ज्ञान टिकविणे निराळे आणि ते ज्या व्यवहारातून आजवर मिळत आले तो व्यवहार टिकविणे निराळे. जुन्या चीनमध्ये मूल गुरूकडे देताना करारपत्र होत असे. मुदत पुष्कळ वर्षांची. तेवढ्या काळात अन्नवस्त्र गुरूने द्यावयाचे आणि शिष्याची कमाई गुरूने घ्यावयाची. मारहाणीचा अधिकार त्यात गृहीतच असे, आणि शिष्य मेला तरी गुरूस जाब विचारावयाचा नाही, अशी अटही अशा कागदांतून आढळते. पेकिंग ऑपेरा ही या कलेची सख्खी बहीण. कोलांट्या, कमरेची लवचीकता, हातांवर उभे राहणे, सारे शिक्षण तेच. या नाट्यप्रकाराच्या हाँगकाँग येथील एका शाळेत १९६०च्या सुमारास दाखल झालेला एक मुलगा पुढे जॅकी चॅन या नावाने जगप्रसिद्ध नट झाला. दहा वर्षांचा करार, पहाटेपासून रात्रीपर्यंतचा सराव आणि गुरूजींची छडी यांची हकीकत त्याने आपल्या १९९८ च्या आत्मचरित्रात सांगितली आहे. ती वाचून काही लोक म्हणतात, "पाहा, छडीनेच तो घडला!" शाळेत त्याच्याबरोबर छडी खाल्लेली आणि पुढे कोठेही न पोहोचलेली मुले आत्मचरित्रे लिहीत नाहीत, एवढेच या युक्तिवादास उत्तर पुरे.

१९४९ नंतर चीनमध्ये या बाबतीत जे चांगले घडले, ते नाकारणे अन्यायाचे होईल. १९५० मध्ये चौ एन-लाय यांच्या पुढाकाराने पहिली राष्ट्रीय कसरतमंडळी स्थापन झाली, आणि रस्त्यावरच्या या खेळांस 'झाजी' म्हणजे 'विविध कौशल्ये' हे प्रतिष्ठित नाव मिळाले. ज्यांस पूर्वी समाजात भिकाऱ्यांच्या पंक्तीस बसवीत, ते सरकारी वेतनाचे कलावंत झाले आणि देशाचे प्रतिनिधी म्हणून परदेशी जाऊ लागले. ठिकठिकाणी सरकारी मंडळ्या व पुढे शाळा निघाल्या. वूच्याओ येथील शाळा १९८५ ची आहे. परंतु आर्थिक धोरण बदलले तसे खाजगी मंडळ्या व खाजगी शाळाही वाढल्या, आणि मूल म्हणजे खर्च करून तयार करावयाचा माल, ही जुनी दृष्टी नव्या वेषात परत आली. सहासात वर्षांचे मूल वसतिगृहात येते. सकाळचा उत्तम वेळ शरीराचा, उरलेला पुस्तकाचा, आणि दौरा लागला की पुस्तक मागे राहते. पंचविशी-तिशीत खांदे, मनगटे आणि पाठ साथ सोडू लागतात. त्या वयात हाती दुसरी विद्या नसलेल्या माणसाने काय करावे, हे म्हणीत सांगितलेले नाही.

आता या व्यवहाराच्या समर्थकांचे म्हणणे पाहू. पहिले समर्थन परंपरेचे. दोन हजार वर्षे मुले अशीच शिकत आली. हे थांबले तर कला संपेल, असे म्हणतात. हे जर खरे असते तर ज्या घरांत ही परंपरा आहे, त्यांनी सुखाचे दिवस आल्यावर अधिकच उत्साहाने मुले पाठविली असती. घडले उलट. १९८०च्या सुमारास सुरू होऊन २०१५ पर्यंत चाललेल्या एका अपत्याच्या धोरणामुळे घरोघर एकुलते एक मूल राहिले, खेड्यांत दोन पैसे आले, आणि कसरतशाळांस मुले मिळणे कठीण होऊ लागले. जी मुले आली, ती पुष्कळशी गरीब प्रांतांतल्या गरीब घरांची आली. ज्या आईबापांस दुसरा मार्ग दिसला, त्यांनी मुलाच्या हाती पाटी दिली. यावरून काय सिद्ध होते? परंपरेचा जो भाग ज्ञानाचा होता, त्यास कोणी विटले नव्हते. जो भाग भुकेचा होता, तो भूक भागताच गळून पडला. ज्या प्रथेस शिष्य मिळण्यासाठी दुष्काळ लागतो, तिला संस्कृतीच्या नावाने संरक्षण मागण्याचा अधिकार नाही.

दुसरे समर्थन शरीरशास्त्राचे. हाडे कोवळी असतानाच वळवावी लागतात, म्हणून लवकर आरंभ करणे भाग आहे. आरंभ लवकर व्हावा, हे आम्ही मान्य करतो. गाणे, नाच, बुद्धिबळ, कुस्ती, सर्वांचा आरंभ लहानपणीच होतो, आणि आमच्या आखाड्यांतील मल्लखांबही लहान मुलेच शिकतात. परंतु लवकर शिकविणे आणि लवकर विकणे यांत महदंतर आहे. जिम्नॅस्टिक्स या अगदी जवळच्या विद्येत हा भेद जगाने मान्य केला आहे. १९९७ पासून स्त्रियांच्या वरिष्ठ गटातील आंतरराष्ट्रीय स्पर्धांस किमान वय सोळा ठरविले गेले. २००० सालच्या सिडनी ऑलिंपिकमध्ये चिनी स्त्रियांच्या संघाने मिळविलेले कांस्यपदक, संघातील एक खेळाडू वयाने लहान होती असे सिद्ध झाल्यावर २०१० मध्ये काढून घेण्यात आले. म्हणजे तीच कोलांटी स्पर्धेच्या गालिच्यावर मारली तर जग जन्मदाखला मागते. सर्कशीच्या रिंगणात मारली तर तिकीट मागते. शरीर तेच, मणका तोच, धोका तोच किंवा अधिक. हा भेद कोणत्या शरीरशास्त्रातून निघाला?

तिसरे समर्थन संमतीचे. आईबाप राजी आहेत, मूलही हौसेने जाते, मग तुम्हांस काय? सात वर्षांचे मूल हौसेने विहिरीच्या काठावरही जाते. त्याची हौस हा करार होऊ शकत नाही. आईबापांच्या संमतीस मोल तेव्हा, जेव्हा त्यांच्यापुढे दोन वाटा असतील. एका वाटेवर फुकट जेवण आणि वसतिगृह, आणि दुसऱ्या वाटेवर काहीच नाही, अशा ठिकाणी घेतलेल्या होकारास संमती म्हणणे म्हणजे बुडत्याने काडी पसंत केली असे म्हणण्यासारखे आहे.

कायदा याबाबत काय म्हणतो, ते पाहण्याजोगे आहे. चीनमध्ये १९८६ पासून नऊ वर्षांचे शिक्षण सक्तीचे आहे. १९९४ च्या श्रमकायद्याने सोळा वर्षांखालील मुलांस कामावर ठेवण्याची मनाई केली; परंतु कला, क्रीडा व विशेष हस्तकौशल्याच्या संस्थांसाठी अपवाद ठेवला. २००२ च्या बालकामगारविषयक नियमांनी कला व क्रीडा यांचा अपवाद पुन्हा सांगितला आणि त्यास पालकांच्या संमतीची, मुलाच्या शारीरिक व मानसिक स्वास्थ्याची आणि सक्तीच्या शिक्षणाच्या हक्काची अट जोडली. कागदावर हे उत्तम आहे. परंतु अपवाद आणि अट या एकाच वाक्यातल्या दोन गोष्टी असल्या, तरी त्यांचे नशीब एक नसते. अपवादाचा लाभ घेण्यास मंडळीचा मालक रोज तत्पर असतो. अट पाळली जाते की नाही हे पाहण्यास कोणी तरी मुद्दाम जावे लागते. गावोगाव फिरणाऱ्या तंबूमागे कोणता शाळातपासनीस फिरणार? एप्रिल २०२३ मध्ये आन्ह्वै प्रांतातील एका खेड्यात हवेतील खेळ करताना एक कसरतपटू स्त्री खाली पडून मरण पावली. ती प्रौढ होती, पतीबरोबर अनेक वर्षे खेळ करीत होती, आणि तिच्या अंगास सुरक्षेची दोरी नव्हती. जेथे जाणत्या स्त्रीच्या कमरेस दोरी बांधविणे नियमांस साधले नाही, तेथे अजाणत्या मुलाच्या हाती पुस्तक ते देतील, हा विश्वास आम्हांस वाटत नाही.

चीनकडे बोट दाखविताना आपल्या हाताचीही तपासणी करावी. भारतात सर्कशीचा आरंभ १८८० मध्ये विष्णुपंत छत्रे यांनी केला, म्हणून महाराष्ट्रास या विषयापासून अंग चोरता येणार नाही. आमच्या सर्कशींतील मुलांच्या हालांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि एप्रिल २०११ मध्ये न्यायालयाने सर्कशीत मुलांस कामास ठेवण्याची बंदी करण्याचा आदेश सरकारास दिला. २०१६ च्या कायदादुरुस्तीने चौदा वर्षांखालील मुलास चित्रपट, जाहिराती, दूरदर्शन-मालिका यांत शाळा सांभाळून काम करण्याची मुभा दिली आणि तेथे 'सर्कस वगळून' असे स्पष्ट शब्द घातले. चिनी कायदा कलेच्या दाराने कसरतीस आत घेतो. आमचा कायदा ते दार सर्कशीपुरते लावतो आणि चित्रपटासाठी उघडे ठेवतो. बंदी योग्यच होती. परंतु बंदीने मूल मालकाच्या हातून सुटले. कसरत शिकू इच्छिणाऱ्या मुलाने ती कोठे शिकावी, याचे उत्तर बंदीत नाही. दोन्ही देशांनी १९९२ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा बालहक्कांचा करार स्वीकारला आहे. त्यात मुलाच्या खेळण्याचा आणि विसाव्याचा हक्क लिहिलेला आहे. दुसऱ्याच्या करमणुकीसाठी केलेला खेळ हा त्यातला खेळ नव्हे.

उरला प्रेक्षक, आणि आमचा खरा वाद त्याच्याशी आहे. युरोप-अमेरिकेतील वर्तमानपत्रे चिनी कसरतशाळांतील मुलांचे वेदनेने पिळवटलेले चेहरे छापतात आणि हळहळतात. त्याच शहरांतील नाट्यगृहांत चिनी मुलांचे खेळ हाऊसफुल्ल होतात. कॅनडातील 'सर्क द्यु सोलेय' या विख्यात संस्थेच्या १९९६ च्या 'किदाम' या प्रयोगात दोरीवर भिंगरी खेळविणाऱ्या चार चिनी मुली सर्वांचे मन हरण करीत. त्यांस तेथे कोणी वाईट वागविले, असे आम्ही म्हणत नाही. आमचे म्हणणे एवढेच, की ज्या शिक्षणाचा निषेध सकाळी करावयाचा, त्याच्या फळास संध्याकाळी उभे राहून टाळ्या द्यावयाच्या, ही नीती सोयीची आहे. आणि आमचे जे गृहस्थ आरंभी भेटले, त्यांची नीती याहूनही सोयीची. त्यांना ही साधना आपल्या मुलाच्या कानी घालावयाची आहे, अंगी नव्हे. त्यांचा मुलगा उद्या म्हणाला, की मी शाळा सोडतो आणि दहा वर्षे हातांवर उभा राहतो, तर हेच गृहस्थ त्यास कोंडून ठेवतील. जी गोष्ट आपल्या मुलास देण्यास आपण तयार नाही, ती परक्याच्या मुलाचे भाग्य म्हणून वाखाणणे, यास काय नाव द्यावे, ते वाचकांनीच ठरवावे.

मुलांचे बालपण घेतल्यावाचून ही कला शिखरास पोहोचत नाही, या समजुतीस एक उदाहरण पुरे आहे. २००२ मध्ये मोंटे कार्लो येथील सर्कस-महोत्सवात वू चंगतान आणि वै पाओह्वा या पतिपत्नींस सर्वोच्च पारितोषिक मिळाले. पतीच्या खांद्यावर आणि मस्तकावर ती स्त्री पायाच्या एका अंगठ्यावर, पाश्चात्त्य बॅलेच्या रीतीने, उभी राहते. दोघेही लहानपणापासून या विद्येत वाढलेले, हे खरे. परंतु बॅले आणि कसरत यांचा संगम ही कल्पना त्यांच्या प्रौढ वयातली, त्यासाठीची मेहनत त्यांनी जाणतेपणी पत्करलेली आणि धोकाही समजून घेतलेला. या कलेने आमच्या काळात दाखविलेला हा अत्युच्च क्षण जाणत्या माणसांनी निर्माण केला. त्यांच्या त्या वर्षांस साधना हा शब्द आम्ही आनंदाने लावू.

तेव्हा मागणी साधी आहे. मुलास कसरत अवश्य शिकवावी. पण सोळा वर्षे पूर्ण होईपर्यंत त्याच्या अंगावर तिकीट लावू नये. जिम्नॅस्टिक्सने जी वयोमर्यादा पाळून दाखविली, ती सर्कशीच्या महोत्सवांनी आणि तिकीट विकणाऱ्या संस्थांनी पाळावी. शिक्षणाची अट दौऱ्यावरही लागू असावी, आणि ती पाळल्याचा दाखला मंडळीस परदेशी जाण्याच्या परवान्याबरोबर मागितला जावा. शरीर थकल्यावर या कलावंतास दुसरी विद्या व निर्वाह मिळण्याची तजवीज त्याच्या कमाईतूनच आधी केलेली असावी. यांतले काहीही अशक्य नाही. फक्त तिकीट थोडे महाग होईल. ते महाग झाले म्हणून कला बुडेल, असे ज्यांस वाटते, त्यांनी इतकी वर्षे ती स्वस्तात कोणी विकली आणि तिची उरलेली किंमत कोणी भरली, याचा हिशेब मांडावा. तो मांडल्यावरही ज्यास आपल्या मुलापुढे त्या म्हणीचा दाखला द्यावासा वाटेल, त्याने म्हणीतली दहा वर्षे कोणाची होती, तेही त्यास सांगावे.